मत्स्यपेटीतील औषधोपचार आणि गाळणीतील कोळसा

शोभेचे मासे पाळणे हा एके काळी शहरातील हौशी मंडळींचा छंद समजला जाई. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि काचेआडच्या रंगीत माशांविषयी सामान्य जनतेचे कुतूहल वाढले. आता गप्पी, मॉली, गोल्डफिश, एंजल हे मासे खेड्यातील घरांत आणि शाळांतही दिसतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धनासही साहाय्याची तरतूद करण्यात आली. त्यामुळे घरची काचपेटी ही केवळ शोभेची वस्तू राहिली नसून काही कुटुंबांच्या दृष्टीने ती जोडधंद्याची पहिली पायरी ठरू शकते.

या धंद्यात नुकसान होते ते मुख्यतः रोगामुळे. एका पेटीतील सर्व मासे एकाच पाण्यात राहतात. सबब एका माशास झालेला रोग थोड्या दिवसांत सर्वांस होतो. रोग दिसताच पाळणारा माणूस बाजारातून औषध आणतो व पाण्यात घालतो, परंतु पुष्कळदा गुण येत नाही. "औषधच भेसळीचे होते" असे म्हणून तो दुसरे औषध आणतो किंवा पहिल्याचीच मात्रा दुप्पट करतो. मासे तरीही मरतात. अशा अपयशाची कारणे अनेक असतात. तथापि त्यांतील एक कारण असे आहे की, ते दूर करण्यास एक पैसाही लागत नाही. ते कारण म्हणजे गाळणीत राहून गेलेला कोळसा होय.

सक्रिय कोळसा म्हणजे काय?

काचपेटीचे पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी विजेवर चालणारी लहान गाळणी वापरतात. तिच्यात बहुधा तीन प्रकारचा माल असतो. स्पंज किंवा कृत्रिम कापूस पाण्यातील घाण अडवतो. चिनी मातीची भोकरी कांडी किंवा खडे उपयुक्त जंतूंना राहण्यास जागा देतात. तिसरा पदार्थ काळ्या दाण्यांचा असून तो जाळीच्या पिशवीत किंवा बंद पट्टीत भरलेला असतो. हाच सक्रिय कोळसा होय.

चुलीतील कोळसा आणि हा कोळसा यांत मोठे अंतर आहे. नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा प्रथम हवेचा संपर्क टाळून जाळतात. तदनंतर त्यावर ८०० ते १,००० अंश सेल्सिअस इतक्या उष्णतेत वाफ सोडतात. वाफेमुळे दाण्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर एका ग्रॅम कोळशाचा पृष्ठभाग सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरेल. लहान गाळणीत ५० ग्रॅम कोळसा असला, तर त्या मूठभर दाण्यांत सुमारे १२ एकरांचे क्षेत्र सामावलेले असते.

पाण्यातील रंग, वास आणि सेंद्रिय पदार्थ यांचे कण या विस्तीर्ण पृष्ठभागास चिकटून राहतात. या क्रियेस अधिशोषण असे म्हणतात. स्पंज पाणी पितो तसे हे शोषण नव्हे. भिंतीस रंग धरावा तसे हे कण कोळशाच्या अंतर्भागास धरून राहतात. कोळशाचा हा गुण फार दिवसांपासून ठाऊक आहे. टोबियास लोविट्झ या रसायनज्ञास १७८५ साली आढळून आले की, कोळशाने मळकट द्रावणाचा रंग जातो. पुढे साखर शुभ्र करण्याच्या कामी याच गुणाचा उपयोग होऊ लागला.

विषबाधा झालेल्या रुग्णास काही प्रसंगी डॉक्टर सक्रिय कोळशाची भुकटी पाण्यातून पाजतात, ती पोटातील विष धरून ठेवावे म्हणून. परंतु त्याच वेळी तोंडावाटे दुसरे औषध दिल्यास कोळसा तेही धरून ठेवतो. विष कोणते आणि औषध कोणते, हा भेद कोळशास कळत नाही. मत्स्यपेटीतही नेमके हेच घडते.

औषध कोठे जाते?

माशांच्या रोगावरील पुष्कळशी औषधे ही रंगद्रव्ये किंवा सेंद्रिय रसायने आहेत. मिथिलीन ब्ल्यू हे निळे औषध त्यांतील परिचित होय. कोळशाची प्रत तपासण्यासाठी कारखान्यात जी चाचणी करतात, तीत हेच द्रव्य वापरले जाते, इतक्या उत्तम रीतीने कोळसा ते धरतो. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम कोळशात १०० मिलिग्रॅमहूनही अधिक मिथिलीन ब्ल्यू मावतो.

आता हिशेब पाहावा. ४० लिटर पाण्यास लिटरमागे २ मिलिग्रॅम या प्रमाणात ८० मिलिग्रॅम औषध लागते. म्हणजे पेटीतील सर्व औषध गिळण्यास कागदावरच्या हिशेबाने एक ग्रॅम कोळसाही पुरेसा आहे, आणि गाळणीत तर तो ५० ग्रॅम असतो. गाळणीतून तेच पाणी दिवसभर पुनःपुन्हा फिरत असल्यामुळे सायंकाळी निळे केलेले पाणी दुसऱ्या दिवशी पुष्कळ अंशी निवळलेले दिसते. पाळणारा समजतो की औषध माशांस लागू पडले. वस्तुतः ते कोळशास लागलेले असते.

पैशापेक्षा मोठे नुकसान: मात्रेचा हिशेब

औषध फुकट गेले एवढेच नुकसान असते, तर ते थोडक्यात भागले असे म्हणता आले असते. खरे नुकसान असे की, पाण्यात औषध किती उरले आहे हे कोणासही सांगता येत नाही.

माशांवरील औषध हे पिकावरील फवारणीसारखेच आहे. मात्रा कमी पडली तर रोग हटत नाही, अधिक झाली तर ज्याचे रक्षण करावयाचे तेच होरपळते. माशांची गोष्ट तर अधिक नाजूक आहे, कारण मासा औषधाच्या पाण्यातच श्वास घेतो व त्याचे नाजूक कल्ले रात्रंदिवस त्या पाण्याने धुतले जातात.

कोळसा नवा असेल तर घातलेली मात्रा काही तासांत ओसरते. गुण आला नाही म्हणून पाळणारा दुप्पट मात्रा घालतो. पहिल्या काही तासांत मासे त्या तीव्र पाण्यात सापडतात आणि त्यांचे कल्ले दुखावतात. पुढे कोळसा ते औषध काढून घेतो व रोगजंतू वाचतात. म्हणजे माशास औषधाचा जाच झाला आणि रोगास झाला नाही. उलटपक्षी, कोळसा कित्येक महिन्यांचा जुना असेल तर त्याची छिद्रे अगोदरच भरलेली असतात. तो औषध फारसे धरत नाही. अशा पेटीत "कोळसा थोडे खाईल" असा अंदाज बांधून घातलेली वाढीव मात्रा सर्वच्या सर्व पाण्यात राहते व मासे दगावतात. कोळसा नवा आहे की भरलेला, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. दोहोंचा रंग काळाच असतो.

यावरून एकच नियम निघतो. कोळशासाठी मात्रा वाढवू नये; औषधापूर्वी कोळसाच काढावा.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग: एक उदाहरण

औषध पाण्यात टिकून राहण्याची आवश्यकता किती आहे, हे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरून चांगले समजते. या रोगात माशाच्या अंगावर व परांवर मिठाचे कण पसरावेत तसे ठिपके दिसतात. मासा दगडांवर अंग घासतो, पर मिटून बसतो व पुढे अन्न सोडतो. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस या सूक्ष्म परजीवीमुळे हा रोग होतो.

या परजीवीच्या आयुष्यात तीन अवस्था असतात. पहिल्या अवस्थेत तो माशाच्या त्वचेखाली राहतो व तेथेच वाढतो. त्वचेच्या आवरणामुळे पाण्यातील औषध त्याला पोचत नाही. वाढ पुरी झाली म्हणजे तो मासा सोडून तळाशी किंवा वनस्पतीवर चिकटतो, भोवती कवच निर्माण करतो व आत विभागून शेकडो पिले तयार करतो. याही अवस्थेत औषधाचा विशेष उपयोग होत नाही. तदनंतर ही पिले कवच फोडून पाण्यात पोहू लागतात आणि मासा शोधतात. उबदार पाण्यात एक-दोन दिवसांत मासा न सापडल्यास ती मरतात. औषधाचा घाव बसतो तो केवळ या तिसऱ्या अवस्थेवर.

पाणी २४ ते २६ अंश सेल्सिअस असताना हे सर्व चक्र साधारण एका आठवड्यात पुरे होते. थंड पाण्यात त्यास कित्येक आठवडे लागू शकतात. पेटीतील सर्व परजीवी एकाच दिवशी एकाच अवस्थेत नसतात. काही आज बाहेर पडतील, काही उद्या, काही चार दिवसांनी. म्हणून औषध एक दिवस असून भागत नाही. ते सर्व काळ योग्य प्रमाणात पाण्यात असले पाहिजे. कोळशाने रात्रीतून औषध काढून घेतले, तर दुसऱ्या दिवशी बाहेर पडणाऱ्या पिलांना मोकळे रान मिळते.

येथे आणखी एक फसगत होते. माशावरील ठिपके आपोआप गळून पडतात, कारण परजीवी मासा सोडून तळाशी गेलेला असतो. हे पाहून रोग बरा झाला असे वाटते व औषध थांबवले जाते. थोड्या दिवसांनी पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक ठिपके उमटतात. सबब शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही निदान तीन-चार दिवस उपचार चालू ठेवावा, आणि थंडीच्या दिवसांत त्याहूनही अधिक.

कोणत्या औषधावर कोळशाचा काय परिणाम होतो?

सर्व औषधांशी कोळसा सारखाच वागत नाही. पुढील माहिती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मिथिलीन ब्ल्यू व मॅलॅकाइट ग्रीन: ही रंगद्रव्ये कोळसा झपाट्याने व जवळजवळ पूर्णपणे धरतो.

प्रतिजैविके व जंतावरील औषधे: ऑक्सिटेट्रासायक्लिन व प्राझिक्वांटेल ही औषधे कोळसा धरतो. प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या किंवा मत्स्यतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय वापरू नयेत.

पोटॅशियम परमँगनेट: हे जांभळे औषध कोळशाशी रासायनिक क्रिया होऊन निकामी होते.

फॉर्मॅलिन: कोळसा ते अल्प प्रमाणात धरतो. उपचारानंतर ते काढण्यासाठी पाणी बदलणे हाच भरवशाचा उपाय आहे.

मोरचूद व इतर ताम्रयुक्त औषधे: कोळसा तांबे अंशतः धरतो व त्याचे प्रमाण पाण्याच्या गुणधर्मावर अवलंबून असते. म्हणून हिशेब लागत नाही. तांब्याने गोगलगायी व कोळंबी मरतात. बोर्डो मिश्रणासाठी आणलेले मोरचूद अंदाजाने पेटीत टाकणे हे तर विष घालण्यासारखेच आहे.

मीठ: साधे मीठ कोळशाने निघत नाही. मात्र गाळणीत झिओलाइटचे पांढुरके खडे असतील, तर ते मीठ घालण्यापूर्वी काढावेत. हे खडे पाण्यातील अमोनिया धरतात, परंतु मिठाच्या संपर्काने तो पुन्हा पाण्यात सोडतात.

उपचाराची रीत

१. प्रथम रोग ओळखावा. पाण्याची खराबी व रोग यांची लक्षणे कित्येकदा सारखी दिसतात. मासे पृष्ठभागी येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर औषधापूर्वी चौथ्या भागाइतके पाणी बदलून पाहावे.

२. पाण्याचे खरे माप काढावे. पेटीची लांबी, रुंदी व पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करावा व त्यास १,००० ने भागावे. उत्तर लिटरमध्ये येते. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व २५ सेंटिमीटर पाणी असलेल्या पेटीत ४५ लिटर येतात. तळाची वाळू व दगड यांनी व्यापलेली जागा वजा जाता सुमारे ४० लिटर पाणी धरावे. पेटी विकत घेताना दुकानदाराने सांगितलेले माप धरू नये. ते काठोकाठ भरलेल्या रिकाम्या पेटीचे असते.

३. गाळणीचे बटण बंद करून वायर काढावी व मगच पाण्यात हात घालावा. कोळशाची पिशवी काढून घ्यावी. कोळसा कापसाच्या पट्टीत शिवलेला असेल, तर पट्टीस चीर पाडून दाणे ओतून टाकावेत व पट्टी परत बसवावी. स्पंज व चिनी मातीचा माल जागच्या जागी राहू द्यावा. स्पंज घाणीने तुंबला असल्यास पेटीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. नळाच्या पाण्यात धुऊ नये.

४. गाळणी ताबडतोब पुन्हा सुरू करावी.

५. औषधाची मात्रा वेष्टनावरील सूचनेप्रमाणे मोजावी. मोजण्यासाठी सुई नसलेली पिचकारी सोयीची असते. उदाहरणार्थ, मिथिलीन ब्ल्यूच्या १ टक्का द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. ४० लिटरला ८० मिलिग्रॅम द्यावयाचे असल्यास ८ मिलिलिटर द्रावण घ्यावे, ते तांब्याभर पेटीच्याच पाण्यात मिसळावे व हळूहळू सर्वत्र ओतावे.

६. उपचार चालू असताना पाणी बदलल्यास, जेवढे नवे पाणी घातले तेवढ्याच पाण्याची मात्रा घालावी. ४० लिटरपैकी १० लिटर बदलले, तर १० लिटरचे औषध घालावे; ४० लिटरचे नव्हे.

७. कोळसा नळाच्या पाण्यातील क्लोरीनही काढीत असतो. तो काढून टाकल्यावर हे काम थांबते. म्हणून नवे पाणी उघड्या पिंपात हवा सोडून एक दिवस ठेवावे किंवा त्यात सोडियम थायोसल्फेट योग्य प्रमाणात मिसळून मग वापरावे.

८. तारीख, औषधाचे नाव, मात्रा, बदललेले पाणी व मेलेल्या माशांची संख्या यांची वहीत नोंद ठेवावी. मत्स्यतज्ज्ञास विचारावयास जाताना ही वही फार उपयोगी पडते.

कोळसा काढावा, गाळणी बंद करू नये

कोळसा औषध खातो असे ऐकून काही लोक सर्व गाळणीच बंद करतात. हा उपाय रोगाहून वाईट ठरतो.

शेतात अमोनियम सल्फेट घातले म्हणजे जमिनीतील जंतू त्यातील अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात, हे शेतकऱ्यांस ठाऊक आहे. मत्स्यपेटीत हेच काम गाळणीतील जंतू करतात. माशांच्या कल्ल्यांतून व मलमूत्रातून निघणारा अमोनिया माशांस विषारी असतो. जंतू त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट बनवतात. या जंतूंना वाहत्या पाण्यातून प्राणवायू मिळावा लागतो. गाळणी कित्येक तास बंद राहिल्यास ते मरू लागतात व आजारी माशांवर अमोनियाचे दुसरे संकट ओढवते.

काही औषधे, विशेषतः मिथिलीन ब्ल्यू व कित्येक प्रतिजैविके, या जंतूंनाही अपाय करतात. त्याचप्रमाणे पुष्कळ दिवस वापरलेल्या कोळशावरही जंतूंची वस्ती झालेली असते व तो काढल्याने तिचा काही भाग जातो. म्हणून उपचाराच्या काळात अन्न निम्म्याहून कमी द्यावे, उरलेले अन्न लगेच काढावे आणि हवापंप चालू ठेवावा. फॉर्मॅलिनने व तापलेल्या पाण्याने प्राणवायू घटतो, हेही हवापंप चालू ठेवण्याचे एक कारण होय.

एखाद-दुसराच मासा जखमी असेल किंवा त्याचे पर कुजू लागले असतील, तर सर्व पेटीस औषध देण्याचे कारण नाही. १५ ते २० लिटरचे प्लॅस्टिकचे टब वेगळे ठेवून त्यात हवेवर चालणारी साधी स्पंजाची गाळणी सोडावी. हिच्यात कोळसा मुळीच नसतो. असे आजाऱ्यांचे टब प्रत्येक पाळणाऱ्याने राखावे. नवे आणलेले मासेही दोन-तीन आठवडे अशाच वेगळ्या टबात ठेवून मग पेटीत सोडावेत. निम्मे रोग दारातच अडतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात मात्र परजीवी पेटीच्या तळाशीही असतात, सबब तेथे सर्व पेटीवरच उपचार करावा.

उपचार संपल्यावर कोळसा मित्र होतो

उपचार पुरा झाल्यावर पाण्यात उरलेले औषध काढून टाकावयाचे असते. आता कोळशाचा तोच गुण उपयोगी पडतो. प्रथम तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत पाणी बदलावे. नंतर नवा सक्रिय कोळसा स्वच्छ पाण्यात काळी धूळ जाईपर्यंत धुवावा, जाळीच्या पिशवीत भरावा व गाळणीत ठेवावा. औषध रंगीत असेल तर पाणी निवळलेले डोळ्यांस दिसते. बिनरंगी औषधाच्या बाबतीत कोळसा दोन दिवस ठेवून मग फेकावा. एखाद्या वेळी चुकून मात्रा अधिक पडली, तरीही हाच तातडीचा उपाय आहे: निम्मे पाणी बदलणे व नवा कोळसा घालणे.

उपचारापूर्वी काढलेला जुना कोळसा परत वापरू नये. तो उकळून किंवा उन्हात वाळवून पुन्हा सक्रिय होतो, असा समज आहे. तो चुकीचा आहे. भरलेली छिद्रे मोकळी करण्यास भट्टीची कित्येक शेकडा अंशांची उष्णता लागते व ती घरच्या चुलीवर मिळत नाही. त्याचप्रमाणे चुलीतील विझलेला कोळसा कुटून गाळणीत भरण्याची काटकसरही करू नये. त्यात ही छिद्रे फारच थोडी असतात आणि त्याच्या राखेने पाणी बिघडते. निरोगी पेटीस कोळसा सदैव लागतोच असेही नाही. वेळेवर पाणी बदलणाऱ्या माणसाने तो विकत आणून उपचाराच्या शेवटासाठी बंद डब्यात जपून ठेवला, तरी चालते.

गावात करून दाखवण्याजोगा प्रयोग

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस ही गोष्ट बोलून सांगण्यापेक्षा करून दाखवणे सोपे आहे. काचेच्या दोन सारख्या बरण्या घ्याव्यात. दोन्हींत एकेक लिटर पाणी व मिथिलीन ब्ल्यूचे सारखेच चार-पाच थेंब घालावेत. एका बरणीत धुतलेल्या सक्रिय कोळशाची मलमली पिशवी सोडावी. दुसरीत काहीच घालू नये. दोन्हींत हवापंपाची नळी सोडून पाणी हलते ठेवावे व बरण्या उन्हापासून दूर ठेवाव्यात, कारण उजेडानेही हा रंग फिका होतो. सायंकाळच्या बैठकीत प्रयोग मांडून दुसऱ्या दिवशी लोकांस पुन्हा बोलवावे. कोळशाच्या बरणीतील पाणी निवळत गेलेले व दुसरीतील निळे राहिलेले पाहिल्यावर अधिक सांगण्याची गरज राहत नाही. शक्य असल्यास तिसऱ्या बरणीत चुलीतील कोळसा घालून दोन कोळशांतील अंतरही दाखवावे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट खाण्याच्या माशांविषयी आहे. शोभेच्या माशांवरील औषधे रोहू, कटला, तिलापिया यांस कदापि देऊ नयेत. मॅलॅकाइट ग्रीन माशांच्या मांसात दीर्घकाळ राहते व मनुष्यास अपायकारक ठरण्याचा धोका असल्याने अमेरिका व युरोपीय देशांत खाण्याच्या माशांसाठी त्यास मनाई आहे. दोन्ही प्रकारचे मासे पाळणाऱ्या शेतकऱ्याने जाळी, बादल्या व पिचकाऱ्याही वेगवेगळ्या ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट टाकून द्यावयाच्या पाण्याविषयी आहे. औषधाचे पाणी विहिरीत, ओढ्यात, शेततळ्यात किंवा जनावरांच्या हौदात जाऊ देऊ नये. भाजीच्या वाफ्यातही ते सोडू नये. औषध धरलेला कोळसाही मुलांच्या व कोंबड्यांच्या वाटेत टाकू नये. कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यावा. औषध हाताळताना रबरी हातमोजे घालावेत.

थोडक्यात

रोग ओळखावा. पाणी मोजावे. कोळसा काढावा, पण गाळणी व हवा चालू ठेवावी. ठरलेली मात्रा ठरलेले दिवस द्यावी आणि बदललेल्या पाण्यापुरतीच भर घालावी. उपचार संपल्यावर पाणी बदलून नवा कोळसा घालावा व दोन दिवसांनी तो फेकून द्यावा.

औषधाने गुण आला नाही असे सांगत कोणी आले, तर कार्यकर्त्याने दुसरे औषध सुचवण्यापूर्वी त्याची गाळणी उघडून पाहावी. आत काळे दाणे दिसले, तर पुष्कळदा प्रश्नाचे उत्तर तेथेच सापडेल.